आजोबांची १९७२ ची जीप, इंजिनच्या ब्लॉकला चीर गेलीय – पेट्रोलच ठेवू की डिझेल इंजिन बसवू?

केळीवाला_चोपडा

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय, अडावदच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे, केळी आणि थोडा कापूस. घरी आजोबांची महिंद्राची सीजे थ्री बी आहे, १९७२ चं मॉडेल, ती उंच बॉनेटवाली, पेट्रोल. बाबा तरुण असताना ती शेतावर रोज चालायची, मग ट्रॅक्टर आला, नंतर पिकअप आली आणि जीप शेडमध्ये जाऊन बसली ती बसलीच. आता या हंगामानंतर थोडा हात मोकळा आहे म्हणून बांधायला काढलीय.

चासी चांगली आहे, वेल्डिंग कुठंच नाही, फक्त मागच्या क्रॉस मेंबरला गंज आहे. फ्लोअरचा पत्रा पार गेलाय, तो नवा करावा लागणार. गिअरबॉक्स हाताने फिरतो, फोर बाय फोरचे दोन्ही लिव्हर पडतात. घोळ इंजिनचा आहे. हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवलं तर तीन नंबरच्या सिलिंडरला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे (पिस्टन फिरतो त्या भोकाकडे) जाणारी बारीक चीर दिसली. पिस्टन जाम होते ते डिझेल ओतून सोडवले.

आता मेकॅनिक लोकांचं ऐका. एक म्हणतो हे इंजिन भंगारात दे आणि महिंद्रा कमांडरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट टाक, आयुष्यभर बघायला नको. दुसरा म्हणतो डीआय जड पडेल, एक्सडीपी डिझेल शोध, त्याचा पिकअप चांगला आहे. बाबा म्हणतात काहीही कर पण आवाज तोच पाहिजे. मला स्वतःला शोपीस नकोय. पावसाळ्यात काळ्या मातीत बागेपर्यंत जायला पाहिजे, कधीमधी फिरायला पाल किंवा तोरणमाळ. आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे, ते वारले त्याला बरीच वर्षं झाली, पासिंग पण संपलंय. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय कराल?

शहादा_४बाय४

भाऊ, माझ्याकडे १९८८ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे आणि तिच्यात मी डीआय बसवलंय, त्यामुळे दोन्ही इंजिनं वापरून बोलतोय. ५४० मूळची डिझेलच, एक्सडीपी ४.९० घेऊन आलेली. ते प्यूजोच्या डिझाइनचं २११२ सीसीचं इंजिन, नावातला ९० म्हणजे ९० मिलिमीटरचा बोअर. गोड इंजिन आहे, वर फिरतं, आवाज कमी. पण प्री-चेंबरवालं आहे (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं) म्हणजे हीटर प्लग पाहिजेत, आणि कूलिंगमध्ये जरा ढिलाई झाली की हेड धरतं. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, त्यात ब्राह्मणपुरी-म्हसावदकडे उसाच्या ट्रॉलीमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं म्हणजे रेडिएटर एकदम निरोगी लागतो. आणि आता त्याचे पार्ट शोधत फिरावं लागतं, एखादा ओळखीचा दुकानदार ठेवून असला तर ठीक.

डीआय म्हणजे २५२३ सीसी. त्याचं मूळ इंटरनॅशनलच्या बी २७५ ट्रॅक्टरच्या इंजिनात आहे. आधी त्याच स्ट्रोकवर साडेतेवीसशे सीसीचं होतं, मग बोअर वाढवून साडेतीन इंच केला, स्ट्रोक चार इंचाचा तसाच. लांब स्ट्रोक, खालीच ताकद. काळ्या मातीत गाडी रुतली की ॲक्सिलरेटरला हात न लावता पण निघते एवढं सांगतो. हीटर प्लगची भानगड नाही, कोणत्याही तालुक्याच्या गावात रिपेअर होतं, बोलेरो-कमांडरमुळे पार्ट ढीगभर. चालवायला मात्र थरथर आहे, आरसे हलतात, अंगाला सवय लागते.

आता कामाचं. डीआय जड आहे, पुढचे पाटे बसतात, मला एकेक पाटा वाढवावा लागला. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) वेगळी येते, म्हणून नुसतं इंजिन घेऊ नका, बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच प्लेट, सगळं एकाच गाडीचं घ्या. फाउंडेशन (इंजिन बसवायचे ब्रॅकेट) नवी बनवावी लागतात आणि ती बनवताना प्रॉपेलर शाफ्टचा कोन बघूनच वेल्डिंग करा, नाहीतर शाफ्टचे क्रॉस जॉइंट खात राहते गाडी. पेट्रोलच्या गाडीत डिझेल टाकताना टाकीला रिटर्न पाइप लागतो, मूळ टाकीला तो नसतो. इंजिन बंद करायला स्टॉप वायर. आणि ब्रेकला बूस्टर लावणार असाल तर डिझेलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर घ्यायचा.

माझं मत डीआय. शेतकऱ्याची गाडी आहे, शेतकऱ्यासारखी चालली पाहिजे.

रिटायर_फिटर_भुसावळ

मी काय म्हणतो भो, आधी ब्लॉक तं पाह्यला पाहिजे ना नीट. सगळे जण डायरेक्ट भंगारात द्यायला निघाले. हरिकेन इंजिन आहे ते, १३४ क्युबिक इंच, २१९९ सीसी. त्याच्यात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये वर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतो, म्हणून तं इंजिन उंच झालं आणि म्हणून तुमच्या गाडीचं बॉनेट उंच आहे, कंपनीने ते बॉनेट या इंजिनासाठीच उचललं होतं. आता एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये म्हणजे सीट आणि बोअर यांच्यामधली भिंत सगळ्यात जास्त तापते आणि ती पातळ बी आहे. पाणी कमी असताना गाडी ओढली, गरम इंजिनात थंड पाणी ओतलं, की तिथंच चीर जाते. तुमची चीर ही या इंजिनची नेहमीची चीर आहे, नवल काही नई त्याच्यात.

आता ती किती खोल गेली ते डोळ्यानं नई कळणार. ब्लॉक धुऊन, कार्बन खरडून, क्रॅक टेस्टचा लाल डाय मारा, पुसा, वरून पांढरा डेव्हलपर मारा, चीर जिथपर्यंत आहे तिथपर्यंत लाल रेघ उठते. जळगावला एमआयडीसीत चांगल्या मशीन शॉपला हे काम नवीन नई. चीर फक्त सीटपासून बोअरच्या काठापर्यंत असेल आणि वॉटर जॅकेटपर्यंत (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत) गेली नसेल तं त्या सिलिंडरला स्लीव्ह (बोअरच्या आत बसवायची नळी) टाकायची, सीट नवी बसवायची, झालं. मात्र स्लीव्ह आणि सीट एकमेकांना खात नाही ना हे मशीनवाल्यानं मापून करायचं, जागा लई कमी आहे तिथं. सीट कडक मटेरियलची टाका कारण आताचं पेट्रोल बिनशिशाचं. जॅकेटपर्यंत गेली असेल तं कोल्ड स्टिचिंग (न तापवता पिना बसवून चीर शिवणं) करणारा माणूस पाहिजे. साधं वेल्डिंग करू देऊ नका कोणाले बी, कास्टिंग तापवून वेल्डिंग केलं आणि भराभर थंड झालं की बाजूला दुसरी चीर तयार.

तीनच नंबर का गेला याचा बी विचार करा. मागच्या बाजूचं पाणी फिरतं का, ब्लॉकमध्ये गाळ साठलाय का. वेल्श प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची झाकणं) काढून आतलं पहा, किती वर्षं बोअरवेलचं क्षार असलेलं पाणी टाकलं असेल तं खालची निम्मी जागा चुन्यानं भरलेली निघेल. ते काढल्याशिवाय नवा रेडिएटर बी काही करू शकत नई.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगवर फिरणारे भाग) मापा, क्रँक ग्राइंड करायला किती वाव आहे ते पहा. सगळं करून बी नई जमलं तं सेम हरिकेनचं हाफ इंजिन शोधा. कुर्ल्याच्या बाजारात, नाहीतर जुन्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर मिळतं, नशीब लागतं पण मिळतं.

कागदपत्र_जळगाव

इंजिनाची चर्चा छान चाललीय पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, कारण नंतर लाखभर घालून गाडी शेडमध्येच राहिल्याची उदाहरणं आपल्या जिल्ह्यात पाहिलीत.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे तपशील आहेत ते कंपनीने मूळ दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. तुमच्या आरसीवर इंधन पेट्रोल आहे. पेट्रोलच्या जागी भंगारातून आणलेलं डिझेल इंजिन हा नुसता इंजिन बदल नाही, तो इंधन प्रकाराचा बदल आहे, आणि तो मंजूर होईल असं समजून पैसे घालू नका. बरेच जण बसवतात आणि आरसी तशीच ठेवतात. अशा गाडीने अपघात झाला, कोणाला लागलं, तर इन्शुरन्स कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघते, आणि तिथून पुढचा सगळा खर्च तुमच्या घरातून. शेतावर मजूर बसवून जाणार असाल तर याचा विचार जास्तच करा.

शहाद्याच्या भाऊंचा बदल वेगळा आहे, डिझेलच्या जागी त्याच कंपनीचं डिझेल. त्यातही आधी परवानगी, मग काम, मग इन्स्पेक्शन आणि आरसीवर नवा इंजिन नंबर, हा क्रम पाहिजे. जुन्या इंजिनसोबत बिल घ्या, ज्या गाडीतून काढलं तिचा नंबर, तिच्या आरसीची प्रत, आणि ती चोरीची नाही याचा पोलिसांचा दाखला. नंबर घासलेलं इंजिन फुकट मिळालं तरी हात लावू नका.

तुमचा पहिला टप्पा वारसा आहे. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची संमती. आत्या, काका सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या, गाडी चकाचक झाल्यावर सह्या मिळायला वेळ लागतो. मग नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं संपली की पुढे पाच-पाच वर्षांनी. थकलेला पर्यावरण कर, विलंब शुल्क आणि पीयूसी आहेच. जुन्या तीन अक्षरी नंबरची आरसी असेल तर ऑनलाइन दिसते का ते आधी बघा, नसेल दिसत तर कार्यालयात जुन्या रजिस्टरवरून चढवून घ्यावी लागते, त्यालाच सगळ्यात जास्त चकरा होतात.

अजून एक. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पन्नास वर्षांच्या पुढची, धंद्यासाठी न वापरलेली गाडी त्यात बसते आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. तुमची १९७२ ची म्हणजे वयात बसते. पण चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरबदल नको ही अट आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामाला रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. तुम्हाला बागेत जायचंय, म्हणून तुमच्यासाठी साधं नूतनीकरणच बरं. पण मूळ इंजिन राहिलं तर तो रस्ता पुढे मुलांसाठी उघडा राहतो.

धुळ्याची_जीपवाली

मी पेट्रोलच्या बाजूने. वडिलांची हरिकेनवालीच आहे आमच्याकडे, मी चालवते, लळिंगच्या घाटात पण जाते आणि शिरपूरला पण. लोकांना वाटतं जुनं पेट्रोल म्हणजे मरतुकडं, पण या इंजिनची ताकद कागदावर सत्तर हॉर्सपॉवरच्या पुढे आहे, एक्सडीपीपेक्षा जास्तच. आणि लो रेशो टाकला की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जवळजवळ अडीच पट गिअर खाली आणते, मग काळ्या मातीत ताकद कमी पडत नाही, टायर कमी पडतात. खर्च आहे पेट्रोलचा, तो मान्य. पण दादा वर्षातून किती किलोमीटर चालणार ही जीप? शेत, बाजार, एखादी सहल. डिझेल इंजिन, पाटे, फाउंडेशन, टाकी, रेडिएटर एवढ्याचा खर्च पेट्रोलच्या बचतीतून कधी वसूल होणार याचा हिशोब घाला.

आता पेट्रोलची जी खरी अडचण आहे ती सांगते. पंपावर मिळतं ते बहुतेक सगळं वीस टक्के इथेनॉलचं आहे. आपल्या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची पॅकिंग त्यासाठी बनलेली नाहीत, फुगतात, चिरतात, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. इंजिन बांधताना इथेनॉलला टिकणारे पाइप आणि डायफ्राम एकदम घालून टाका. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवू नका. टाकी आतून गंजली असेल तर आत्ताच धुऊन कोटिंग करा, नाहीतर सोलेक्स कार्बोरेटरचे जेट दर आठवड्याला काढत बसाल.

उन्हाळ्यात दुसरा त्रास व्हेपर लॉकचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी थांबून परत सेल्फ मारला की गाडी उचलत नाही, पाइपात पेट्रोलची वाफ होते. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब फिरवून घेतला आणि पंपाला पत्र्याचा आडोसा दिला की फरक पडतो. ओला फडका गुंडाळायचा उपाय म्हातारे ड्रायव्हर सांगतात तो पण चालतो, मी केलाय.

आणि ब्रेक!! कोणी ब्रेकचं बोलतच नाहीये. या गाडीला नऊ इंची ड्रम, मास्टर सिलिंडर पायाखाली फ्लोअरच्या खाली, आणि एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. इंजिन कोणतंही टाका, आधी सगळे ब्रेक पाइप, व्हील सिलिंडर, होस नवीन. त्याच्याआधी गाडी शेडच्या बाहेर चालवत आणायची नाही.

शहादा_४बाय४

ताईंचा ब्रेकचा मुद्दा शंभर टक्के. आणि कागदपत्रवाल्या भाऊंनी सांगितलं ते वाचून मी पण म्हणेन, आरसी पेट्रोलची असेल तर डीआयचा विचार बाजूला ठेवा. माझी मुळात डिझेल होती म्हणून निभावलं.

पण एक गणित इथं लिहून ठेवतो, पुढं कोणी डिझेल गाडीत इंजिन बदलणार असेल त्याला कामाला येईल. जुन्या जीपला डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ असतं, म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. १६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. ३००० आरपीएमला टॉप गिअरमध्ये गाडी ७३-७४ ला पोचते. पेट्रोल इंजिन चार हजारापर्यंत फिरतं म्हणून त्याला हे जमतं, डीआय तीन हजाराच्या पुढं नुसतं ओरडतं, म्हणजे हायवेला ६०-६५ वरच समाधान मानायचं. ४.२७ चं क्राऊन-पिनियन टाकलं तर तेवढ्याच आरपीएमला ९२-९३ होते. पण पुढचं आणि मागचं दोन्ही एकदम बदला, नुसतं मागचं बदलून फोर बाय फोर टाकलं की पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि शेवटी ट्रान्सफर केस फुटते. तुमच्या गाडीला काय आहे ते बघायचं असेल तर मागची दोन्ही चाकं उचला, न्यूट्रल करा, दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरतो ते खडूची खूण करून मोजा. पाच आणि वर एक तृतीयांशाच्या जरा पुढं आला तर ५.३८.

केळीवाला_चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. डायची टेस्ट करून घेतली. चीर सीटपासून बोअरच्या तोंडापर्यंतच आहे, खाली दोन-तीन सूत उतरलीय, वॉटर जॅकेटपर्यंत नाही असं मशीनवाला म्हणतो, प्रेशर टेस्ट पण करून देणार आहे. बाकी तीन सीट चांगल्या. फिटर काका म्हणाले तसं वेल्श प्लग काढले तर मागच्या दोन सिलिंडरच्या खालच्या बाजूला अक्षरशः दगडासारखा थर निघाला, छिन्नीने काढावा लागतोय. आमच्या बोअरवेलचं पाणी तसलंच आहे. शाफ्ट मोजला, ५.३८ च आहे.

तर पेट्रोलच ठेवतोय. बाबा काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन जुनी आरसी आणि टॅक्सची पुस्तिका कपाटातून काढून आणली. दोन्ही आत्या रक्षाबंधनाला येणार आहेत तेव्हा सह्या घेऊन टाकतो.

दोन गोष्टी अजून विचारायच्या होत्या. स्लीव्ह एकाच सिलिंडरला टाकू की चारही? मशीनवाला म्हणतो चारही कर, एकसारखं होईल. आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतं आणि ट्रान्सफर केसमध्ये वाढतं, बाहेर कुठं गळत नाही. हे काय?

रिटायर_फिटर_भुसावळ

चारही करायची गरज नई भो. बाकी तीन बोअर मापा, ओव्हरसाइजमध्ये बसत असतील तं चारही त्याच साइजला बोअर करा, स्लीव्ह फक्त तीन नंबरले, आणि ती बी त्याच साइजला होन करून घ्या म्हणजे पिस्टन चारही सारखे येतील. उगाच प्रत्येक सिलिंडरची भिंत कापून पातळ करायची कायले, मूळचं लोखंड जितकं राहील तितकं चांगलं.

ऑइलचं म्हणाल तं या गाडीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकाले चिकटून आहेत, मधल्या शाफ्टवरचं सील आणि बेअरिंग घासलं की ऑइल इकडून तिकडं जातं. आता इंजिन बाहेर आहेच, मंग ट्रान्सफर केस बी उतरवा. मधला गिअर ज्या शाफ्टवर फिरतो तो काढून बोटानं पहा, नखाला खाच लागली तं शाफ्ट आणि नीडल बेअरिंग दोन्ही नवीन, एकटं बेअरिंग टाकून पैसे वाया घालवू नका. फोर बाय फोरमध्ये जो आवाज येतो ना तो बहुतेक वेळा तिथूनच येतो.

आणि पाणी बदला. रेडिएटरले बोअरवेलचं पाणी बंद, कूलंट टाका, टॉप-अप करायले बी आरओचं नाहीतर बॅटरीचं पाणी. ब्लॉक साफ केल्यावर ॲसिडनं धुतला तं सोड्याच्या पाण्यानं दोनदा फिरवून घ्या, तसाच ठेवू नका. प्रेशर टेस्टचा निकाल आला की इथं टाका, नई तं सरळ भुसावळले या ब्लॉक घेऊन, पाहून घेऊ.

धुळ्याची_जीपवाली

मस्त निर्णय दादा. डायफ्राम आणि पाइप कुठून घेतले ते मी मेसेज करते. आणि पुढच्या नकलची किंगपिन बेअरिंग पण आत्ताच बघून घ्या, पन्नासच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं ते त्याच्यामुळेच असतं बहुतेक.